माफीची घाई : कॉमिक्समधला अँटिहीरो पडद्यावर येतो तेव्हा

न्यूयॉर्कमधल्या एका गच्चीवर डेअरडेव्हिल हा कॉमिक्समधला मुखवटाधारी नायक साखळ्यांनी जखडलेला आहे. त्याच्या हाताला चिकटपट्टीने पिस्तूल बांधलेलं आहे आणि त्यात एकच गोळी आहे. समोर पनिशर, म्हणजे फ्रँक कॅसल, एका गुंडावर बंदूक रोखून बसला आहे. त्याने टाकलेला पेच सरळ आहे. हा खून थांबवायचा असेल तर मला गोळी घाल. नाही घातलीस तर हा मरेल आणि त्यात तुझाही वाटा असेल. गार्थ एनिसने 2000 साली लिहिलेल्या अंकात, कुणाचाही जीव घ्यायचा नाही असं मानणारा डेअरडेव्हिल अखेर घोडा ओढतो. नुसता खट्ट आवाज येतो. कॅसलने त्या पिस्तुलातली फायरिंग पिन आधीच काढून ठेवलेली असते. 2016 मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘डेअरडेव्हिल’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात हाच प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा आला. तिथे मात्र डेअरडेव्हिल ती गोळी साखळीवर झाडतो आणि सुटतो. कॅसलच्या तावडीतला माणूस मरतोच, पण डेअरडेव्हिलचा हात स्वच्छ राहतो.

जॉन बर्नथल (कॅसल) आणि चार्ली कॉक्स (डेअरडेव्हिल) यांनी तो प्रसंग असा रंगवलाय की एक प्रेक्षक म्हणून मला त्यात उणं काढवत नाही. तरीही दोन्हींमधला फरक लहान नाही. कागदावर दोघेही डागाळतात. डेअरडेव्हिलला स्वतःबद्दल नको ते कळतं, आणि कॅसलने ते मुद्दाम, क्रूरपणे त्याला दाखवलेलं असतं. पडद्यावर तिसरी वाट सापडते. कॉमिक्समधल्या अँटिहीरोंना पडद्यावर आणण्याचे गेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांतले प्रयत्न एकापाठोपाठ एक पाहिले, तर ही तिसरी वाट शोधण्याची धडपड सगळीकडे दिसते. चित्रपटाला या माणसाची बंदूक हवी असते, कोट हवा असतो, मुखवटा हवा असतो; फक्त त्याने केलेल्या गोष्टी कुणाच्या तरी अंगावर येतात, हे दाखवायला तो कचरतो. प्रेक्षकाने नायकाला लवकरात लवकर माफ करावं अशी त्याला घाई असते.

पनिशरपासूनच सुरुवात करू, कारण हे प्रयोग सर्वांत जास्त वेळा त्याच्यावर झाले आहेत. 1974 च्या फेब्रुवारीची तारीख असलेल्या ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 129 व्या अंकात तो पहिल्यांदा आला, तो खलनायक म्हणून. स्पायडरमॅनला मारण्यासाठी त्याला जॅकल या खलनायकाने नेमलेलं होतं. लेखक जेरी कॉनवेने छातीवर एक छोटी कवटी काढून दिली होती. जॉन रोमिटा सीनियरने ती छातीभर मोठी केली आणि तिच्या दातांचा काडतुसांचा पट्टा केला. आतले प्रसंग रॉस अँड्र्यूने चितारले. व्हिएतनामहून परतलेला सैनिक, सेंट्रल पार्कमध्ये टोळीवाल्यांच्या गोळ्यांना बळी पडलेलं कुटुंब, आणि त्यानंतर न थांबणारं युद्ध, असा त्याचा इतिहास पुढच्या काही अंकांत जुळत गेला. अमेरिकेतली शहरं तेव्हा गुन्हेगारीने हैराण होती आणि त्याच वर्षी ‘डेथ विश’ हा सूडपट चित्रपटगृहांत गर्दी खेचत होता. कॉनवे स्वतः व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात होता. त्याच्या डोळ्यांपुढचा कॅसल हा मोडलेला माणूस होता. कुणी त्याचा कित्ता गिरवावा असं त्याच्या मनात नव्हतं.

पहिला चित्रपट 1989 चा. डॉल्फ लुंडग्रेन नायक, मार्क गोल्डब्लॅट दिग्दर्शक, चित्रीकरण ऑस्ट्रेलियात सिडनीला. छातीवरची कवटी काढून टाकलेली. ती राहिली सुऱ्यांच्या मुठींवर. कॅसल इथे माजी पोलीस आहे. अमेरिकेत हा चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत न पोचता थेट व्हिडिओवर गेला, आणि त्याला स्वस्त मारधाडपट म्हणून सोडून देण्याची रीत आहे. माझ्या मते त्याच्या शेवटी एक असं दृश्य आहे की पुढच्या कितीतरी खर्चिक चित्रपटांना ते साधलं नाही. कॅसल एका टोळीप्रमुखाला त्याच्या लहान मुलाच्या डोळ्यांदेखत मारतो. मुलगा पिस्तूल उचलून कॅसलच्या कपाळाला लावतो. कॅसल गुडघ्यांवर बसतो आणि त्याला घोडा ओढायला सांगतो. मुलाला ते जमत नाही. मग कॅसल त्याला बजावतो की मोठा होऊन बापासारखा झालास तर मी वाट पाहत असेन. क्षणभर आपण त्या मुलाच्या जागी उभे राहतो आणि आपल्या नायकाकडे खालून वर पाहतो. समोर दिसतो तो एका लेकराचा बाप मारणारा माणूस.

2004 चा थॉमस जेनचा पनिशर याच्या उलट टोकाला गेला. जोनाथन हेन्स्लीने कथा फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या लख्ख उन्हात नेली. कॅसल इथे एफबीआयचा गुप्तहेर. पोर्तो रिकोमध्ये आप्तांचा मेळावा जमलेला असताना सगळंच्या सगळं कुटुंब कापलं जातं. कवटीचा शर्ट म्हणजे मुलाने दिलेली भेट. जॉन ट्रॅव्होल्टाच्या हॉवर्ड सेंट या खलनायकाला कॅसल असा काही गुंडाळतो की सेंट स्वतःच्याच हाताने बायकोला आणि जिवलग मित्राला संपवतो. पटकथा म्हणून हे चलाख आहे. पनिशर म्हणून मला ते पटत नाही. चित्रपटाने दुःखाचा डोंगर एवढा उंच रचलाय की नायक त्यानंतर काहीही करो, हिशेब त्याच्याच बाजूने फिटतो. सेंटच्या बायकोने मुलाच्या मृत्यूचा सूड म्हणून कॅसलचं घराणं नष्ट करायला सांगितलेलं असतं, त्यामुळे तिच्या मरणाबद्दलही आपल्याला काही वाटू नये याची सोय झालेली आहे.

अडचण मुळात इथेच आहे. पनिशर ही सूडाची गोष्ट नाही. कॉमिक्समध्ये त्याच्या कुटुंबाचे मारेकरी केव्हाच संपलेले असतात आणि तरी तो दर महिन्याला नव्या अंकात बाहेर पडतो. त्याचं भयानकपण या न संपण्यात आहे. दोन तासांच्या चित्रपटाला मात्र सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो. म्हणून प्रत्येक चित्रपट पनिशरला पुन्हा एकदा सूडकर्ता करतो, त्याला एक मोठा शत्रू देतो आणि शेवटच्या रिळात तो शत्रू मारून देतो. एनिसने 2003 साली ‘बॉर्न’ या छोट्या मालिकेत याच्या नेमकं उलट केलं. काळ 1971, व्हिएतनाममधली एक विसरलेली चौकी. युद्ध संपत आलंय आणि कॅप्टन कॅसलला ते संपायला नकोय. कुठून तरी एक आवाज येतो आणि कधीही न संपणारं युद्ध देऊ करतो, किंमत मागाहून सांगेन म्हणतो. पाच वर्षांनी सेंट्रल पार्कमध्ये ती किंमत वसूल होते. म्हणजे भूक आधी होती, जखम नंतर झाली. पुढे 2010 नंतरच्या अंकांमध्ये जेसन आरनने आणखी एक पाऊल टाकलं: त्या दिवशी बागेत, गोळ्या सुटण्याच्या थोडं आधी, कॅसलने बायकोकडे घटस्फोट मागितला होता.

पडद्यावरच्या एकाही कॅसलला हे धाडस करू दिलेलं नाही. तिथे बायको नेहमी पांढऱ्या चादरीवर, सकाळच्या उन्हात हसत असते. 2017 मध्ये बर्नथलची स्वतंत्र मालिका आली तेव्हा तेरा भागांची ऐसपैस जागा हाताशी होती. सुरुवात आशा वाटावी अशीच आहे: मारेकरी संपलेत, कवटीचा अंगरखा जाळलाय, आणि कॅसल दिवसभर घणाने भिंती फोडत बसलाय. करायला दुसरं काही उरलेलं नाही. इथे खरी गोष्ट सुरू झाली असती. पण लवकरच कंदाहारमधली गुप्त मोहीम, सीआयएचा भ्रष्ट अधिकारी आणि दगाबाज मित्र उगवतात, आणि कुटुंबाच्या खुनामागे आणखी एक कट निघतो. सूड पुन्हा चालू. मालिकेतला अस्सल भाग बाजूच्या खोलीत घडतो. तिथे कर्टिस हा माजी सैनिक परतलेल्या जवानांना गोल बसवून बोलतं करतो. त्यातलाच लुईस नावाचा पोरगा बाँब बनवायला लागतो आणि कॅसलला आपला साथीदार मानतो. कॅसल चिडतो, आपण दोघे वेगळे, असं सांगतो. ते वेगळेपण कशात आहे याचं उत्तर मालिका देत नाही. त्या काही भागांत ती खरोखर प्रामाणिक वाटते.

दुसऱ्या पर्वात तिने माघार घेतली. कॅसलच्या गोळीबारात तीन निरपराध बायका मेल्याचं त्याला दिसतं आणि तो खचतो. बर्नथलचं काम इथे फार मोठं आहे. मग कळतं की त्या आधीच मेलेल्या होत्या, शत्रूने त्यांचे मृतदेह तिथे आणून टाकले होते. कॅसल निर्दोष! त्या क्षणी मालिकेने आपल्या हातातली सगळ्यांत मौल्यवान गोष्ट फेकून दिली असं मला वाटतं. याउलट 2008 च्या ‘पनिशर : वॉर झोन’मध्ये, ज्याला समीक्षकांनी झोडपलं आणि तिकीटबारीनेही साथ दिली नाही, दिग्दर्शिका लेक्सी अलेक्झांडरने हीच चूक खरी ठेवली होती. रे स्टीव्हन्सनचा कॅसल टोळीत शिरलेल्या एका एफबीआयच्या माणसाला चुकून मारतो. तो मेलेलाच राहतो. त्याची बायको, लहान मुलगी, कॅसलने पैसे घेऊन त्यांच्या दारात जाणं आणि तिने त्याच्यावर पिस्तूल रोखणं, हे सगळं चित्रपटात आहे. बाकीचा चित्रपट भडक निऑन दिव्यांत आणि फुटणाऱ्या डोक्यांत रमलेला आहे, तरीही पनिशरचं मर्म त्याला थॉमस जेनच्या चित्रपटापेक्षा जास्त कळलंय, असं मी म्हणेन.

यातून एक कसोटी हाती लागते. अँटिहीरोचा स्वभाव पडद्यावर टिकतो की नाही हे त्याच्या क्रौर्याच्या मात्रेवरून ठरत नाही, तो मुखवटा घालतो की काढतो यावरूनही पूर्णपणे ठरत नाही. त्याच्या शेजारी कोण उभं केलंय, आणि त्या व्यक्तीला त्याच्याशी असहमत व्हायची मोकळीक आहे का, यावरून ते ठरतं.

जज ड्रेडची दोन रूपं ही कसोटी लावून पाहावीत. 1977 मध्ये ब्रिटनच्या ‘2000 एडी’ या साप्ताहिकात जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझ्क्वेरा यांनी त्याला आणलं. एझ्क्वेरा फ्रँकोच्या स्पेनमध्ये वाढलेला; हुकूमशाहीचा पोशाख कसा दिसतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि ड्रेडच्या खांद्यावरच्या त्या अवजड गरुडात ते उतरलं. मेगा-सिटी वन या त्याच्या शहरात पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद हे एकच. ड्रेड शिरस्त्राण कधी काढत नाही, त्याचा चेहरा वाचकाला कधी दिसत नाही. कायद्याला चेहरा नसतो. 1995 च्या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने तो थोड्याच वेळात उघडा केला. मोठ्या नटाला पैसे मोजल्यावर त्याचा चेहरा झाकून ठेवायला कुठला निर्माता तयार होईल, हे समजण्यासारखं आहे. खरं नुकसान मात्र त्यापुढे आहे. ड्रेडवर खोटा खुनाचा आळ येतो, त्याला तुरुंगात पाठवतात, सोबत बडबड्या विनोदी जोडीदार देतात आणि शेवटी जज हर्षी त्याचं चुंबन घेते. जुलमी व्यवस्थेचा हात असलेला माणूस तिचा बळी ठरला. आता त्याच्याविरुद्ध बोलायला कुणी उरलंच नाही.

2012 चा ‘ड्रेड’ अॅलेक्स गार्लंडने लिहिला, पीट ट्रॅव्हिसने दिग्दर्शित केला आणि दक्षिण आफ्रिकेत चित्रित झाला. कार्ल अर्बनचा चेहरा शेवटपर्यंत हनुवटीपुरता दिसतो. त्या हनुवटीचं चाहत्यांनी भरपूर कौतुक केलंय, ते योग्यच आहे. गार्लंडची खरी कमाई मात्र वेगळी: त्याने ड्रेडला बदलू दिलं नाही आणि बदलण्याचं काम अँडरसन या शिकाऊ जजवर सोपवलं. पहिल्याच दिवशी तिला एका जखमी माणसाला जागच्या जागी मृत्युदंड द्यावा लागतो. ती अडखळते आणि देते. थोड्या वेळाने दोघे आडोशाला एका बाईच्या घरात शिरतात. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणाऱ्या अँडरसनला तिथे कळतं की मघाशी आपण ज्याला मारलं तो हिचा नवरा. बाईला हे अजून ठाऊक नाही. संवाद जवळजवळ नाहीतच. या एका दृश्याने सबंध चित्रपटातल्या गोळ्यांना वजन येतं. पुढे अँडरसन एका गुन्हेगाराला, तो स्वतःच पिळलेला आहे हे ओळखून, कायदा मोडून सोडून देते. ड्रेडने तिचं पटवून घेतलं की नाही हे चित्रपट फोडून सांगत नाही. तो तिला उत्तीर्ण करतो आणि पुढच्या कामाला लागतो. हा चित्रपट चित्रपटगृहांत चालला नाही आणि त्याचा पुढचा भाग निघाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अॅलन मूरच्या पात्रांबाबत प्रश्न आणखी अवघड होतो, कारण मूरने ती पात्रं वाचकाला अस्वस्थ करण्यासाठीच लिहिली. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ 1982 मध्ये ‘वॉरियर’ मासिकात सुरू झालं. चित्रं डेव्हिड लॉइडची. व्ही हा फॅसिस्ट इंग्लंडला उलथवणारा अराजकवादी. तो बरोबर आहे की वेडा आहे, याचा निकाल मूरने मुद्दाम वाचकावर सोडला. 2006 मध्ये वाचोव्स्की भावंडांच्या पटकथेवर जेम्स मॅकटीगने चित्रपट केला, आणि मूरने श्रेयनामावलीतून आपलं नाव काढून घेतलं. चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट आधी सांगायला हवी. व्हीचं सर्वांत भीषण कृत्य त्याने वगळलं नाही. ईव्ही या तरुणीला खोट्या तुरुंगात डांबणं, तिचं मुंडण करणं, तिचे हाल करणं हे सारं पडद्यावर आहे; नॅटली पोर्टमनने ते सोसलंय आणि चित्रपटातली ईव्ही चिडून निघूनही जाते, जी पुस्तकात जात नाही. इथे चित्रपट मूळ पुस्तकाच्या पुढे गेला. पण ती गेल्यावर व्ही मुखवटा भिरकावतो आणि रडतो, पुढे प्रेमाची कबुली देतो, आणि प्रेक्षकाचा राग तिथेच विरघळतो. कागदावर व्हीने पहारा मोडल्यावर लुटालूट होते, माणसं मरतात, आणि तो ते होऊ देतो. चित्रपटात हजारो लोक मुखवटे घालून शांतपणे चालत येतात आणि सैनिक बंदुका खाली करतात. अराजकाची किंमत पुसली गेली आणि एक सुंदर मिरवणूक उरली.

ती मिरवणूक मग पडद्याबाहेर आली. व्हीचा तो गाय फॉक्सचा मुखवटा ‘अॅनॉनिमस’ या हॅकर गटाची ओळख बनला, आणि जून 2012 मध्ये इंटरनेटवरच्या बंदीविरोधात मुंबईच्या आझाद मैदानातही तरुण मुलं तो घालून उभी राहिली. त्या मुलांचं म्हणणं रास्त होतं. व्हीने ईव्हीचं काय केलं, हे मुखवट्यावर मात्र लिहिलेलं नसतं.

रॉर्शाकचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. ‘वॉचमेन’ 1986-87 मध्ये बारा अंकांत आलं. स्टीव्ह डिटकोच्या कडक नीतिवादी नायकांवरून मूरने वॉल्टर कोव्हॅक्स, म्हणजे मुखवट्यातला रॉर्शाक, रचला: बुटका, कळकट, अंगाला वास मारणारा, जग काळं किंवा पांढरं असं दोनच रंगांत पाहणारा. तो कुणाला आवडेल अशी मूरला अपेक्षा नव्हती, पण तो वाचकांचा लाडका ठरला. झॅक स्नायडरचा 2009 चा चित्रपट चौकटीन् चौकट उतरवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. म्हणूनच त्यातले बदल टोचतात. पुस्तकात एका चिमुरडीच्या खुन्याला रॉर्शाक स्टोव्हला बेडीने अडकवतो, जवळ करवत ठेवतो, घराला आग लावतो आणि रस्त्यावर उभा राहून तासभर पाहत राहतो. या पाहण्यात कोव्हॅक्स संपतो आणि रॉर्शाक उरतो. चित्रपटात तो त्या खुन्याच्या डोक्यात कोयत्याचे घाव घालतो. दिसायला हे जास्त रक्तरंजित आहे, पण माणसाला पेलण्याजोगं आहे. संतापाच्या भरात कुणीही असं करील असं प्रेक्षक मनाशी म्हणू शकतो. तासभर शांतपणे पाहत उभं राहणं मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आणखी एक वगळणूक तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात तुरुंगातला मानसोपचारतज्ज्ञ माल्कम लाँग रॉर्शाकला तपासतो, आणि प्रत्येक भेटीनंतर स्वतःच थोडा थोडा काळोखात जातो. त्याचा संसार खिळखिळा होतो. रॉर्शाकची दृष्टी संसर्गजन्य आहे हे आपल्याला त्याच्यामुळे कळतं. चित्रपटात लाँगच्या वाट्याला थोडी दृश्यं आली आणि घर तर आलंच नाही. शेवटचा बदल त्याला पूरक आहे. पुस्तकात रॉर्शाक बर्फात मरतो तेव्हा त्याच्याजवळ त्याला मारणाऱ्या डॉक्टर मॅनहॅटनशिवाय कुणी नसतं. चित्रपटात त्याचा जुना साथीदार नाइट आऊल ते पाहतो, किंचाळतो, आणि नंतर खलनायक ओझिमँडियसला बदडतो. एका हट्टी माणसाचं एकाकी मरण हुतात्म्याचं मरण झालं. जॅकी अर्ल हेलीचा अभिनय इतका जबरदस्त आहे की हे सगळं गळी उतरतं. त्या ताकदीमुळेच हानी वाढते.

जॉन कॉन्स्टंटाइनबद्दल थोडक्यात. मूर आणि त्याच्या चित्रकारांनी 1985 मध्ये ‘स्वॅम्प थिंग’मध्ये आणलेला हा लिव्हरपूलचा ठक. एनिसच्या 1991 च्या कथेत त्याला फुप्फुसाचा कर्करोग होतो. तो आपला आत्मा नरकाच्या वेगवेगळ्या स्वामींना गुपचूप विकून टाकतो आणि मनगटं कापून घेतो. हा मेला तर आत्म्यासाठी आपसात युद्ध पेटेल म्हणून त्यांना त्याला बरं करावंच लागतं. निर्भेळ लबाडी! 2005 मध्ये फ्रान्सिस लॉरेन्सने कियानू रीव्ह्जला घेऊन तोच शेवट लॉस एंजेलिसमध्ये हलवला, पण इथे कॉन्स्टंटाइन दुसऱ्याच्या आत्म्यासाठी स्वतःचा बळी देतो, त्या पुण्याईने स्वर्गाकडे निघतो, आणि तो हातचा जाऊ नये म्हणून सैतान त्याला जगवतो. शेवटी तो सिगारेटही सोडतो. चित्रपट देखणा आहे, टिल्डा स्विंटनचा गॅब्रिएल विसरता येत नाही. पण कॉमिक्समधल्या कॉन्स्टंटाइनच्या डावांपायी त्याचे मित्र मरतात आणि त्यांची भुतं त्याच्यामागे फिरतात. चित्रपटातल्या कॉन्स्टंटाइनचं मोठं पाप म्हणजे पोरवयात स्वतःचा जीव घ्यायचा केलेला प्रयत्न. दुसऱ्याला केलेली इजा स्वतःला केलेली इजा बनली की माणूस आपोआप कणवेचा धनी होतो.

वुल्व्हरिनला सतरा वर्षं लागली. 2000 च्या ‘एक्स-मेन’मध्ये ह्यू जॅकमनच्या पंज्यांना रक्त लागत नव्हतं. 2017 च्या ‘लोगन’मध्ये जेम्स मँगोल्डने ते लावलं, आणि शेजारी लॉरा ही अकरा वर्षांची मुलगी उभी केली, तिला तेच पंजे आहेत, तीच चीड आहे. तिला लोकांनी छळल्याची स्वप्नं पडतात. लोगनला, म्हणजे वुल्व्हरिनला, आपण लोकांना मारल्याची. ती मारलेली माणसं वाईट होती म्हणून काही फरक पडत नाही, हे तो तिला सांगतो. इतकं थेट बोलणारा दुसरा मुख्य प्रवाहातला सुपरहिरोपट मला आठवत नाही. डेडपूल आणि व्हेनम यांना इथे मोजण्याची गरज वाटत नाही. त्यांच्या चित्रपटांनी खट्याळपणा घेतला आणि त्यात ते खूश आहेत.

हा सगळा ऊहापोह फक्त चाहत्यांपुरता राहिला असता, जर पनिशरची कवटी रस्त्यावर आली नसती. इराकमध्ये अमेरिकी सैनिकांनी ती आपल्या साहित्यावर रंगवली. नेमबाज ख्रिस काइलने आत्मचरित्रात ते अभिमानाने लिहिलंय. 2017 मध्ये केंटकीतल्या कॅटलेट्सबर्ग गावच्या पोलिसांनी ती गाड्यांच्या बॉनेटवर चिकटवली आणि ओरड झाल्यावर काढली. 6 जानेवारी 2021 ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर चाल करून गेलेल्या जमावातही ती दिसली. कॉनवेने वेळोवेळी विरोध नोंदवला. 2020 मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या आंदोलनासाठी कवटीच्या नव्या चित्रांचे शर्ट विकून निधी उभारला. 2019 च्या एका अंकात कॅसल स्वतः पोलिसांच्या गाडीवरची कवटी टराटरा फाडतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिका बघा असं त्यांना सुनावतो. 2022 मध्ये मार्व्हलने कवटीला शिंगं जोडून चिन्हच बदललं.

चित्रपटांमुळेच हे झालं असं म्हणणं अन्याय होईल; इराकमधल्या सैनिकांच्या हातात कॉमिक्सही होती. पण ज्या पनिशरला पडद्याने दर वेळी निर्दोष सोडलं, त्याची खूण छातीवर लावायला कुणाला संकोच का वाटावा? अलीकडच्या मालिकांनी हा प्रश्न सरळ अंगावर घेतला, याचं मला फार मोल वाटतं. डेमन लिंडेलॉफच्या 2019 च्या ‘वॉचमेन’ मालिकेत टल्सातले वंशवादी हल्लेखोर रॉर्शाकचा मुखवटा घालतात. 2025 च्या ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’मध्ये भ्रष्ट पोलीस कवटी गोंदवून घेतात, आणि बर्नथलचा कॅसल आपल्याच चाहत्यांसमोर येऊन उभा ठाकतो. त्या पोलिसांना तो आपला वाटतो. त्याला ते सहन होत नाही. चाहते हेच आता त्याच्या शेजारी उभे केलेले लोक आहेत, आणि ते असहमत नाहीत, हीच भीतीची गोष्ट आहे.

आपल्याकडे हा प्रयोग अजून व्हायचाय, आणि त्याला लागणारा माणूस मुंबईतलाच आहे. दिल्लीच्या राज कॉमिक्सने नव्वदीच्या दशकात आणलेला डोगा: कचऱ्यात सापडलेलं मूल, डाकूच्या हाताखाली वाढलेला सूरज, दिवसा व्यायामशाळेतला तरुण आणि रात्री कुत्र्याचा मुखवटा घालून गुन्हेगारांना गोळ्या घालणारा. मराठी घरांतल्याही कित्येक मुलांनी स्टेशनवरच्या आणि भाड्याच्या दुकानांतल्या त्या हिंदी अंकांवर सुट्ट्या काढल्या. अनुराग कश्यपने त्याच्यावर चित्रपट करण्याचं बोलून दाखवलं होतं. तो झाला नाही. डोगा जन्मला त्या दशकात मुंबईचे पोलीस चकमकींत माणसं मारत होते आणि वर्तमानपत्रं मारलेल्यांचे आकडे छापत होती. 2004 च्या ‘अब तक छप्पन’मध्ये नाना पाटेकरांनी तसा एक अधिकारी उभा केला, तेव्हा आकडा चित्रपटाच्या नावातच आला. त्या छप्पन जणांची घरं कुठे होती, दारात कोण बसलं होतं, हे विचारणारं पात्र त्यात जवळजवळ नव्हतं. डोगाचा चित्रपट कुणी हाती घेतलाच, तर मुखवटा किती खरा दिसतो आणि हाणामारी किती दणकेबाज आहे याची काळजी घेणारे पुष्कळ भेटतील. पटकथेत पहिली जागा मला नागपाड्यातल्या किंवा घाटकोपरमधल्या अशा एखाद्या बाईसाठी राखून हवी आहे, जिचा मुलगा डोगाने मारलाय आणि जी डोगाला ओळखते.